मेटा टॅग नीट कसे लावायचे: हेडमधल्या ओळींचं नवख्यांसाठी मार्गदर्शन

वेब पानाच्या एचटीएमएल फाइलचे दोन भाग असतात: पडद्यावर दिसणारी बॉडी आणि तिच्या आधीचा हेड. मेटा टॅग, म्हणजे पानाबद्दलची माहिती सांगणाऱ्या ओळी, हेडमध्ये असतात. हेड वाचकाला दिसत नाही, आणि गोची नेमकी तिथेच होते. बॉडीत टॅग चुकला तर पान वेडंवाकडं दिसतं आणि चूक लगेच पकडली जाते. हेडमधला मेटा टॅग चुकला तर पान व्यवस्थित उघडतं, ब्राउझर कुरकुर करत नाही, आणि बऱ्याच दिवसांनी लक्षात येतं की गूगलवर पान सापडत नाही किंवा व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की चित्र येत नाही.

या टॅगचे वाचक मुख्यतः तीन. ब्राउझर, सर्च इंजिनचा बॉट (पानं आपोआप वाचणारा प्रोग्रॅम), आणि कोणी लिंक शेअर केली की तिची चौकट तयार करणारा त्या त्या ॲपचा बॉट. तिघंही एकच हेड वाचतात, पण प्रत्येक जण आपल्या कामाच्या ओळी उचलतो आणि बाकीच्या सोडून देतो. त्यामुळे कुठलाही टॅग लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा कोण वाचणार? उत्तर ‘कोणीच नाही’ असं आलं, तर ती ओळ काढून टाकलेली बरी.

एक सूचना आधीच. खालच्या नमुन्यांत टॅग आणि ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहिलेल्या नाव आणि किमतीच्या जोड्या) देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ही नावं, त्यांच्या ठरीव किमती आणि आकडे रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे. शीर्षक आणि वर्णनाचा मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहा.

पायरी १: टॅगची बांधणी

मेटा टॅग व्यवहारात चार रूपांत भेटतो. चारसेट, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने (एन्कोडिंगने) साठवली आहेत ते सांगणारा, एकटाच येतो. नेम आणि कंटेंट अशी जोडी असते, तीच सगळ्यात जास्त लागते. एचटीटीपी-इक्विव आणि कंटेंट ही जोडी सर्व्हरच्या हेडरची (पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या सूचनांची) थोडीफार कामं करते. चौथी जोडी प्रॉपर्टी आणि कंटेंटची, ओपन ग्राफसाठी, म्हणजे शेअर केलेल्या लिंकची चौकट ठरवणाऱ्या टॅगसाठी. टायटल आणि लिंक हे मेटा टॅग नव्हेत, पण कामं तीच करतात म्हणून त्यांचाही विचार इथेच करायचा.

मेटाला बंद करणारा टॅग नसतो. शेवटी तिरकी रेघ दिली काय, न दिली काय, एचटीएमएलला फरक पडत नाही.

खरा त्रास होतो अवतरणचिन्हांचा. वर्ड प्रोसेसरमधून किंवा चॅटमधून ओळ चिकटवली की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात. ब्राउझरच्या लेखी ही वळणदार चिन्हं म्हणजे साधी अक्षरं. मग टॅगचं नाव ‘रोबोट्स’ न राहता ‘वळणदार चिन्ह, रोबोट्स, वळणदार चिन्ह’ असं होतं, आणि त्या नावाचा टॅग कोणीच ओळखत नाही. डोळ्यांना ओळ बरोबर दिसते म्हणून ही चूक सापडायला फार वेळ लागतो. टॅग कोड एडिटरमध्येच टाइप करायची सवय लावा.

दुसरी बाजूही आहे. कंटेंटच्या मजकुरात सरळ दुहेरी अवतरणचिन्ह आलं, की किंमत तिथेच संपते आणि पुढचे शब्द भलत्याच ॲट्रिब्यूटांत जातात. वर्णनात कोणाचं म्हणणं द्यायचं असेल तर मजकुरात वळणदार चिन्हं वापरा, किंवा सरळ चिन्हाच्या जागी त्याची एचटीएमएल एंटिटी (चिन्हाऐवजी लिहायचा ठरीव संकेत) लिहा. म्हणजे टॅगच्या कडेला सरळ चिन्हं हवीत आणि मजकुराच्या आत वळणदार चालतात. साइट डेटाबेसमधून वर्णन उचलत असेल, तर टेम्प्लेटमध्ये एस्केपिंग (अशी चिन्हं आपोआप एंटिटीत बदलणं) चालू आहे ना, हे पाहा.

पायरी २: सगळं खरोखर हेडमध्येच आहे ना?

प्रश्न बावळट वाटेल, पण फाइलमध्ये हेडच्या आत लिहिलेला टॅग ब्राउझरच्या हिशेबी बॉडीत असू शकतो. हेडमध्ये मोजक्याच गोष्टी चालतात: टायटल, मेटा, लिंक, स्टाइल, स्क्रिप्ट, बेस, नोस्क्रिप्ट, टेम्प्लेट. यांच्याखेरीज डिव्ह, इमेज, आयफ्रेम, परिच्छेद किंवा नुसता मोकळा मजकूर आला, की पार्सर (ब्राउझरचा एचटीएमएल वाचणारा भाग) समजतो हेड संपला, बॉडी सुरू झाली. त्याच्या खालचे सगळे मेटा आणि लिंक टॅग मग बॉडीत जमा होतात. बॉडीतला कॅनॉनिकल (पानाचा अधिकृत पत्ता सांगणारा टॅग, पायरी ७) गूगल मानत नाही.

हे घडतं ते बहुधा तिसऱ्याच कुणाच्या कोडमुळे. पाहुण्यांची मोजणी करणारा कोड देताना ‘हेडमध्ये टाका’ असं सांगतात आणि त्यात नोस्क्रिप्टच्या (जावास्क्रिप्ट बंद असतानाचा मजकूर ठेवणाऱ्या टॅगच्या) आत एक अदृश्य चित्र असतं. जावास्क्रिप्ट चालू असलेल्या ब्राउझरमध्ये काही बिघडत नाही, कारण तिथे नोस्क्रिप्टच्या आतला मजकूर नुसता मजकूर धरला जातो. जावास्क्रिप्ट न चालवणाऱ्या बॉटसाठी मात्र ते खरंखुरं चित्र असतं आणि हेड तिथेच संपतो. उपाय सोपा: आपले मेटा आणि लिंक टॅग वर, बाहेरून आलेले तुकडे त्यांच्या खाली, आणि चित्र असलेला नोस्क्रिप्ट बॉडीत.

पायरी ३: चारसेट

हेड उघडल्यावर पहिली ओळ हीच:

<मेटा चारसेट="यूटीएफ-८">

एचटीएमएलचं प्रमाण सांगतं की ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये पूर्ण यायला हवी. १०२४ हा आकडा रोमन मजकुराला ऐसपैस वाटतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे साधारण ३४१ चिन्हांत कोटा संपला. फाइलच्या माथ्यावर मराठीत ऐसपैस टिपण लिहून ठेवलं किंवा टायटलच्या आधी मोठी स्क्रिप्ट घुसवली, तर चारसेट सहज हद्दीबाहेर जातो.

टॅग बरोबर असूनही अक्षरं बिघडली, तर बिघाड कसला दिसतो त्यावरून कारण ओळखता येतं. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाचं किंवा येनचं चिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ मध्येच आहे, ब्राउझर मात्र तिला विंडोज-१२५२ समजून वाचतोय. टॅग नाही, खाली गेलाय किंवा सर्व्हर वेगळं सांगतोय. काळ्या तिरक्या चौकोनातलं पांढरं प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर उलटं आहे: पान यूटीएफ-८ असल्याचं सांगितलंय, फाइल मात्र दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालीय. एडिटरमधून यूटीएफ-८ निवडून पुन्हा सेव्ह करा. आणि साधी प्रश्नचिन्हं ओळीने दिसत असतील, तर टॅगशी झगडण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा अक्षरं डेटाबेसमध्ये साठवतानाच गेलेली असतात. डेटाबेसचं आणि जोडणीचं एन्कोडिंग सुधारा आणि मजकूर पुन्हा भरा.

सर्व्हरने कंटेंट-टाइप या हेडरमध्ये चारसेट पाठवला असेल, तर त्याचा शब्द मेटा टॅगच्या वर असतो. टॅग कितीही बरोबर लिहा, सर्व्हर चुकीचं बोलत असेल तर ब्राउझर सर्व्हरचं ऐकतो.

पायरी ४: व्ह्यूपोर्ट

<मेटा नेम="व्ह्यूपोर्ट" कंटेंट="विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१">

ही ओळ नसेल तर मोबाइलचा ब्राउझर पान संगणकासाठी केलेलं आहे असं धरतो, ते साधारण ९८० पिक्सेल रुंदीत मांडतो आणि मग आकसून पडद्यावर बसवतो. अक्षरं मुंगीएवढी होतात. मोबाइलसाठी लिहिलेले सीएसएसचे मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे) नियमही लागू होत नाहीत, कारण ब्राउझरच्या मते रुंदी ९८० आहे. ‘सीएसएस बरोबर आहे, तरी मोबाइलवर बदल दिसत नाही’ अशी तक्रार आली की सर्वांत आधी ही ओळ शोधा.

यात युजर-स्केलेबल=नो किंवा मॅक्झिमम-स्केल=१ जोडू नका. ज्यांना अक्षरं मोठी करून वाचावी लागतात त्यांची वाटच बंद होते. वेब सुलभतेच्या निकषांनुसार मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे. आयफोनवर सफारी आयओएस १० पासून ही बंदी जुमानत नाही. इतर काही ब्राउझर अजूनही जुमानतात, म्हणून त्रास होतो तो नेमका त्यांच्याच वापरकर्त्यांना.

जाता जाता भाषेचंही बघून घ्या. पानाची भाषा मेटा टॅगने सांगायची नसते. ती एचटीएमएल या सर्वांत बाहेरच्या टॅगवर लँग ॲट्रिब्यूटने द्यायची, मराठीसाठी ‘एमआर’ या दोन रोमन अक्षरांनी. स्क्रीन रीडर कुठल्या उच्चाराने वाचायचं ते यावरूनच ठरवतो. टेम्प्लेट तयार घेतलं असेल तर तिथे हमखास इंग्रजीचा ‘ईएन’ बसलेला असतो.

पायरी ५: टायटल आणि डिस्क्रिप्शन

टायटल प्रत्येक पानाला एकच, आणि प्रत्येक पानाचं वेगळं. ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्कमध्ये आणि शोधाच्या निकालात तेच दिसतं. ‘मुखपृष्ठ’, ‘नवीन पान’, किंवा सगळीकडे फक्त साइटचं नाव, ही तिन्ही टायटलं वाया गेली समजा. आधी पानाचा विषय, मग साइटचं नाव: ‘सायकलचं पंक्चर काढण्याच्या पायऱ्या | साइटचं नाव’. टॅबवर सुरुवातीचे दोन-तीनच शब्द दिसतात, म्हणून साइटचं नाव पुढे लावलं की दहा उघडे टॅब एकसारखे दिसू लागतात.

लांबी किती? इंग्रजी लेखांतून ५० ते ६० अक्षरांचा आकडा फिरत असतो. तो नियम नव्हे, अंदाज आहे. निकालाच्या पानावर कापाकापी होते ती पडद्यावरच्या रुंदीनुसार. त्यात मराठीसाठी अक्षरं मोजणारी साधनं फसवतात. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण मात्रा, वेलांट्या आणि हलन्त धरून युनिकोडमध्ये तो १० चिन्हांचा होतो. साधन लाल दिवा दाखवतं म्हणून चांगलं शीर्षक तोडू नका. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला आणा आणि निकालात प्रत्यक्ष कसं दिसतं ते बघा.

गूगल दर वेळी तुमचंच टायटल दाखवेल असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी निकालातली शीर्षकं ठरवायची पद्धत बदलली. टायटल फार लांब, शब्दांनी कोंबलेलं किंवा सगळ्या पानांवर सारखं असेल, तर ते पानावरच्या मुख्य मथळ्यातून किंवा इतर मजकुरातून शीर्षक बनवतात. टायटल आणि पानावरचा एच१ मथळा एकमेकांच्या जवळचे ठेवले, की ही ढवळाढवळ कमी होते.

डिस्क्रिप्शनचा टॅग असा:

<मेटा नेम="डिस्क्रिप्शन" कंटेंट="पंक्चर शोधणं, ट्यूब घासणं, पॅच लावणं आणि टायर परत बसवणं: लागणारी साधनं आणि नेहमीच्या चुका.">

हे वर्णन क्रमवारी वाढवत नाही. निकालात शीर्षकाखाली जो मजकूर येतो त्यासाठी ते उमेदवार असतं, आणि शोधलेल्या शब्दांना पानातलाच एखादा परिच्छेद जास्त जुळला तर गूगल तो दाखवतं. म्हणून एक-दोन वाक्यांत पानात काय मिळेल ते नेमकं सांगा, मुद्द्याची गोष्ट पहिल्या वाक्यात. ‘आमच्या संकेतस्थळावर आपलं स्वागत आहे’ यात सांगण्यासारखं काहीच नसतं. शेकडो पानं असतील आणि प्रत्येकाला वेगळं वर्णन लिहिणं जमत नसेल, तर सगळ्यांना एकच चिकटवण्यापेक्षा टॅग न दिलेला चांगला. मुख्य पानांची वर्णनं हाताने लिहा, बाकीच्यांना हा टॅगच देऊ नका.

कीवर्ड्सचा टॅग लिहूच नका. गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं की क्रमवारी ठरवताना हा टॅग विचारात घेतला जात नाही. त्याचा उपयोग झालाच तर प्रतिस्पर्ध्याला होतो, तुमच्या शब्दांची यादी त्याला आयती मिळते.

पायरी ६: रोबोट्स, सर्वांत महागात पडणारा टॅग

एखादं पान शोधात यायला नको असेल तर:

<मेटा नेम="रोबोट्स" कंटेंट="नोइंडेक्स">

यायला हवं असेल तर काहीच लिहायचं नाही. ‘इंडेक्स, फॉलो’ हे न सांगताही गृहीतच असतं.

या टॅगचा सगळ्यात नेहमीचा अपघात ठरलेला आहे. साइट तयार होत असताना चाचणीच्या प्रतीवर नोइंडेक्स लावतात, मग तीच प्रत जशीच्या तशी खऱ्या पत्त्यावर चढवतात, आणि टॅग तिच्यासोबत जातो. साइट हळूहळू शोधातून नाहीशी होते. चाचणीच्या प्रतीला टॅगऐवजी पासवर्ड लावा. पासवर्ड चुकून राहिला तर पहिल्याच मिनिटाला कळतं. शिवाय नोइंडेक्स म्हणजे कुलूप नव्हे. पत्ता माहीत असलेला कोणीही ते पान उघडू शकतो, त्यामुळे गुप्त मजकूर त्याच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

दुसरा अपघात जास्त फसवा आहे. पान शोधातून काढायचं म्हणून नोइंडेक्स लावतात आणि ‘पक्कं काम’ म्हणून रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्येही त्या पानाला मनाई करतात. मनाई असल्यामुळे बॉट पान उघडतच नाही, आणि उघडलं नाही तर आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? इतर साइटींवरच्या लिंकमुळे नुसता पत्ता निकालात टिकून राहतो. दोन्हींतलं एकच करा: शोधातून काढायचं असेल तर बॉटला आत येऊ द्या आणि नोइंडेक्स दाखवा. रोबोट्स डॉट टीएक्सटीतच नोइंडेक्स लिहायची पळवाट काही जण वापरायचे. १ सप्टेंबर २०१९ पासून गूगलने ती बंद केली.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. एकाच पानावर परस्परविरोधी सूचना असतील तर गूगल जास्त कडक सूचना पाळतं, म्हणून थीमने टाकलेला नोइंडेक्स तुमच्या ‘इंडेक्स’ने रद्द होत नाही. मूळ एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स ठेवून तो नंतर जावास्क्रिप्टने काढायचा बेतही फसतो, कारण नोइंडेक्स दिसल्यावर गूगल जावास्क्रिप्ट चालवायच्या फंदात न पडण्याची शक्यता असते. पीडीएफ किंवा चित्राला हेड नसतो, त्यांच्यासाठी हीच सूचना सर्व्हरकडून एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरने द्यावी लागते. आणि निकालात मोठं चित्र दिसायला हवं असेल तर मॅक्स-इमेज-प्रीव्ह्यू:लार्ज ही किंमत उपयोगी आहे.

पायरी ७: कॅनॉनिकल

एकच मजकूर अनेक पत्त्यांवर उघडतो: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, शेवटी तिरकी रेघ असलेला, जाहिरातीतून आलेल्या शेपट्या लागलेला, छपाईसाठीचा. यातला अधिकृत पत्ता कोणता हे लिंक टॅगने सांगतात. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००९ मध्ये ही पद्धत एकत्रितपणे आणली.

<लिंक रेल="कॅनॉनिकल" एचरेफ="एचटीटीपीएस://एक्झाम्पल.कॉम/पंक्चर/">

पत्ता पूर्ण लिहा, एचटीटीपीएसपासून. अर्धवट पत्ता दिला आणि साइट दोन डोमेनवर उघडत असेल, तर प्रत्येक डोमेन स्वतःलाच अधिकृत म्हणवून घेतं आणि टॅगचा हेतूच संपतो. मूळ पानावरही स्वतःकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल ठेवा, त्यात काही वावगं नाही.

कॅनॉनिकल ही विनंती आहे, हुकूम नाही. दोन पानांचा मजकूर खरंच सारखा नसेल तर सर्च इंजिन ती बाजूला ठेवतं. तरीही टेम्प्लेटमध्ये मुखपृष्ठाचा पत्ता कायमचा लिहून ठेवू नका, नाहीतर साइटचं प्रत्येक पान ‘मी मुखपृष्ठाची नक्कल आहे’ असं सांगत बसतं. यादीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानांवर पहिल्या पानाचा कॅनॉनिकल देणं ही त्याच जातीची चूक, कारण त्या पानांवरच्या नोंदी वेगळ्या असतात. एकाच पानावर दोन वेगळे कॅनॉनिकल असले, एक थीमचा आणि एक प्लगइनचा, तर बहुधा दोन्ही दुर्लक्षिले जातात. नोइंडेक्स आणि दुसऱ्या पानाकडे जाणारा कॅनॉनिकल एकत्र लावू नका: एक म्हणतो ‘हे पान विसरा’, दुसरा म्हणतो ‘याची पत तिकडे जोडा’.

साइट एकाहून अधिक भाषांत असेल तर एचरेफलँगचे (पानाच्या इतर भाषांतल्या प्रती सांगणारे) लिंक टॅगही लागतात. नियम दोनच, पण कडक. प्रत्येक भाषेच्या पानावर सगळ्या भाषांची यादी हवी, स्वतःची धरून. आणि नातं दुतर्फा हवं: मराठी पान हिंदीकडे बोट दाखवतं पण हिंदी पान मराठीकडे नाही, असं असेल तर ती जोडी धरली जात नाही.

पायरी ८: शेअर होणाऱ्या लिंकचे टॅग

ओपन ग्राफ ही पद्धत फेसबुकने एप्रिल २०१० मध्ये आणली. आता लिंकची चौकट दाखवणारी बहुतेक ॲप्स तीच वाचतात. चार टॅग आवश्यक आहेत: ओजी:टायटल, ओजी:टाइप, ओजी:इमेज आणि ओजी:यूआरएल. ओजी:डिस्क्रिप्शन ऐच्छिक असला तरी द्याच.

<मेटा प्रॉपर्टी="ओजी:टायटल" कंटेंट="सायकलचं पंक्चर काढण्याच्या पायऱ्या">

इथे नेम नसून प्रॉपर्टी आहे, हे नीट बघा. काही बॉट नेम लिहिलं तरी समजून घेतात, काही घेत नाहीत, मग ‘फेसबुकवर दिसतं, दुसरीकडे दिसत नाही’ असे कोड्यात टाकणारे प्रकार होतात. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, याच्या टॅगना मात्र नेम लागतं. तिथे ट्विटर:कार्ड हा एक टॅग पुरतो, समरी-लार्ज-इमेज ही किंमत देऊन, आणि तिच्यातल्या शब्दांमध्ये जोडरेघ नसून अंडरस्कोअर असतो. शीर्षक, वर्णन आणि चित्र ओपन ग्राफमधून घेतलं जातं.

बहुतेक तक्रारी चित्राच्या असतात. आकार १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा. फेसबुकला किमान २०० बाय २०० लागतं, आणि ६०० बाय ३१५ पेक्षा लहान चित्र छोट्या चौकोनात दाखवलं जातं. जेपीईजी किंवा पीएनजी द्या, एसव्हीजी चालत नाही. फाइल काहीशे केबीच्या आत ठेवा, कारण मेसेजिंग ॲप्स जड चित्राची वाट पाहत नाहीत. पत्ता पूर्ण हवा, तिरक्या रेघेपासून सुरू होणारा अर्धा पत्ता नको. ओजी:इमेज:विड्थ आणि ओजी:इमेज:हाइट दिले, तर पहिल्याच शेअरला चित्र दिसायची शक्यता वाढते. चित्रातली अक्षरं कडेला चिकटवू नका, काही ॲप्स मध्यातला चौरस कापून घेतात.

सगळं बरोबर असूनही चित्र येत नसेल तर तीन कारणं तपासा. एक, सर्व्हरची चित्रचोरीविरोधी व्यवस्था किंवा फायरवॉल बॉटला अडवते आणि ४०३ (प्रवेश नाही) असं उत्तर पाठवते. दोन, टॅग जावास्क्रिप्टने भरले जातात. शेअरिंगचे बॉट सहसा जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यांना सर्व्हरने पाठवलेल्या एचटीएमएलमध्येच टॅग हवेत. रिॲक्टसारख्या चौकटीत बनवलेल्या एकपानी साइटींचं इथे हमखास अडतं, आणि त्यावर सर्व्हरवरच पान तयार करण्यावाचून पर्याय नाही. तीन, जुनी प्रत साठवलेली आहे. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पान पुन्हा वाचायला लावता येतं, लिंक्डइनचं पोस्ट इन्स्पेक्टर तेच करतं. चित्र बदललंत तर फाइलचं नावही बदला. त्याच नावाने नवं चित्र चढवलं की जुनंच दिसत राहण्याचा धोका असतो.

एचटीटीपी-इक्विव: कुठे उपयोगी, कुठे वाया

नावावरून वाटतं की सर्व्हरचा कुठलाही हेडर इथे लिहिता येईल. तसं नाही, मोजकेच चालतात. रिफ्रेशने दुसऱ्या पत्त्यावर पाठवता येतं, पण सर्व्हरवर ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याची सूचना) लावणं हाताशी असेल तर तेच करा. नाइलाज असेल तर वेळ ० सेकंद ठेवा. दहा-वीस सेकंदांनी आपोआप उडी मारणारं पान सावकाश वाचणाऱ्याच्या हातातून निसटतं.

कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी (पानावर कुठून आलेल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या ते ठरवणारी) मेटातून चालते, मात्र ती ज्या स्क्रिप्टना लावायची त्यांच्या आधी हवी, आणि फ्रेम-ॲन्सेस्टर्स, सँडबॉक्स, रिपोर्ट-यूआरआय हे भाग मेटातून लागू होत नाहीत. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स (पान दुसऱ्या साइटच्या फ्रेममध्ये दिसू न देणारा हेडर) मेटात लिहिला तर त्याचा परिणाम शून्य. सुरक्षेचा टॅग लावल्याचं समाधान मिळतं आणि संरक्षण मिळत नाही, ही स्थिती काही न लावण्यापेक्षा वाईट. कॅश बंद करणाऱ्या मेटा ओळी आणि इंटरनेट एक्सप्लोररसाठीचा एक्स-यूए-कम्पॅटिबल आता निर्धास्त काढा.

क्रम

चारसेट, व्ह्यूपोर्ट, टायटल, डिस्क्रिप्शन, गरज असेल तर रोबोट्स, मग कॅनॉनिकल, एचरेफलँग, ओपन ग्राफ, ट्विटर कार्ड, साइटच्या चिन्हाची लिंक, त्यानंतर स्टाइल आणि स्क्रिप्ट, आणि सगळ्यात शेवटी बाहेरून आलेले कोडचे तुकडे. चारसेट सोडला तर बाकीच्यांचा आपापसातला क्रम सक्तीचा नाही. कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी असेल तर ती चारसेटच्या लगेच खाली.

तपासणी

ब्राउझरमध्ये सोर्स बघायचे दोन मार्ग आहेत आणि ते वेगवेगळं दाखवतात. ‘व्ह्यू पेज सोर्स’मध्ये सर्व्हरने पाठवलेलं मूळ एचटीएमएल दिसतं. ‘इन्स्पेक्ट’मध्ये जावास्क्रिप्ट चालून झाल्यावरची रचना दिसते. शेअरिंगच्या बॉटला पहिलं मिळतं. टॅग इन्स्पेक्टमध्ये आहे पण सोर्समध्ये नाही, असं असेल तर तो उशिरा येतोय. उलट, हेड मध्येच तुटलाय का हे इन्स्पेक्टमध्येच कळतं: तिथे हेडची घडी उघडा आणि कॅनॉनिकल आत आहे की बॉडीत घसरलाय ते पाहा. नोस्क्रिप्टमुळे होणारी तुटातूट बघायची असेल तर ब्राउझरची जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा उघडा.

त्यानंतर डब्ल्यू३सीच्या व्हॅलिडेटरला (एचटीएमएल तपासणाऱ्या साधनाला) पत्ता द्या. तो हेडमधला चुकीचा घटक आणि दोनदा आलेलं टायटल ओळ क्रमांकासह सांगतो. सर्व्हरचे हेडर डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क विभागात पहिल्या नोंदीवर क्लिक करून बघा: कंटेंट-टाइपमधला चारसेट आणि चुकून राहिलेला एक्स-रोबोट्स-टॅग, हे दोन. हा दुसरा तर पानाच्या सोर्समध्ये कधीच दिसत नाही, म्हणून ‘नोइंडेक्स कुठेच नाही, तरी पान येत नाही’ अशा वेळी आधी इथे या. शेवटी सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या यूआरएल तपासणीत गूगलने कोणता कॅनॉनिकल निवडला ते पाहा. तुम्ही सांगितलेला आणि त्यांनी निवडलेला वेगळा असेल, तर दोन्ही पत्ते शेजारी उघडून मजकूर ताडून बघा.

एका पानावर भागवू नका. टेम्प्लेट वेगवेगळी असतात, म्हणून मुखपृष्ठ, एक लेख, एक यादी, तिचं दुसरं पान आणि शोधाच्या निकालाचं पान, एवढी तरी प्रत्येकी एकदा बघा. रिकामा कंटेंट असलेले टॅग शोधा. लेखाला चित्र नसेल तेव्हा ओजी:इमेज कोरा छापणारी टेम्प्लेट बरीच आहेत, तिथे साइटचं एखादं ठरीव चित्र पर्याय म्हणून द्या.